राजीखुशीनं दिलेला नकार

सेक्टर २, भिलाई
११ जानेवारी २०२६

आई,

चार वेळा फोन लावला, चारही वेळा तू कापला. पाचव्यांदा नरेशदादानं उचलला अन म्हणे, "आई पूजेत आहे." दुपारी तीन वाजता कोणती पूजा बापा? म्हणून चिठ्ठी लिहून राहिली. चिठ्ठी कापता येत नाही. फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी वाचशील, एवढं मी तुले ओळखते. माझी शाळा हिंदीत झाली, मराठी घरात बोललो तेवढीच येते, तशीच लिहीन. चुका काढत बसू नको.

दादाच्या हाती पाठवलेला तुझा निरोप पोचला. नीतूनं सही केली की मी भिलाईले येते, तोवर नागपूरले दादाकडंच राहते. बरं. मग आता माझंही ऐक.

बाबा नोकरीत असताना गेले म्हणून प्लांटमधली एक जागा आपल्या घराले मिळते, घरातल्या एकाच माणसाले. ती दादाले मिळाली असती तर सगळे सुखी होते, मी पेढे वाटले असते. मेडिकलमध्ये त्याले लाल अन हिरवा वेगळा ओळखता आला नाही, यात माझा काय दोष? लहानपणी तो कच्चे टमाटे तोडून आणायचा अन तू त्याले बदडायची, तेव्हाच आपल्याले समजाले पाहिजे होतं.

आता उरली मी. ऑफिसात अटेंडंट. २० मार्चपर्यंत सही केली तर नोकरीही आपली अन हे क्वार्टरही आपलं. नाही केली तर ३१ मार्चले क्वार्टर रिकामं. मले सगळं पाठ आहे, दादानं दर दोन दिवसांनी फोन करून पाठ करवून घेतलं आहे.

पण आई, मी नर्स आहे. तीन वर्षं शिकली, चार वर्षं दुर्गच्या दवाखान्यात काढली. तू शेजारी सांगते, "पोरगी दवाखान्यात ऑफिसात आहे." कोणतं ऑफिस? मी तर कधी पाहिलं नाही. अन दिवाळीनंतर जाताना दारात उभी राहून काय म्हटलं? "पक्की नोकरी सोडून लोकायची हगीमुती काढते. बापाचं नाव बुडवलं." शेजारच्या काकूनंही ऐकलं, म्हणजे ऑफिसचा विषय तिथंच मिटला.

हो, काढते. आजकाल तर तेच माझं मुख्य काम आहे. कॅन्सरनं आतडं खराब झालं की ऑपरेशन करून आतड्याचं तोंड पोटावर काढतात. त्याच्याभोवती एक चिकट चकती बसवायची अन चकतीले पिशवी. शी त्या पिशवीत जमा होते. ती लावाले, काढाले, धुवाले माणसाले शिकवावं लागते, नाही तर बरा झालेला माणूस जन्मभर घरात कोंडून बसते. दुसऱ्या सिस्टर हे काम टाळतात. मी मागून घेतलं. कावून? एका बाईची पहिल्यांदा पिशवी बदलली, तर ती म्हणाली, "सिस्टर, म्हणजे मी आता बसनं माहेरी जाऊ शकते?" तिचं माहेर डोंगरगडले होतं. ती गेली अन येताना माझ्यासाठी बोरं घेऊन आली.

मागच्याच आठवड्यात कॅम्प-१ वस्तीतले कवडूकाका दवाखान्यातून घरी गेले. आपल्याच प्लांटमधून रिटायर झालेले पाइप फिटर. त्यायले मी सगळं नीट शिकवलं, त्यायनं माझ्यासमोर स्वतः करून दाखवलं, मगच पाठवलं.

तेव्हा नाही म्हणजे नाही. सही करणार नाही. थंडी आहे, गुडघ्याले तेल लाव.

तुझी नीतू
(ऑफिसातली नाही, वॉर्डातली)


सेक्टर २
३ फेब्रुवारी

आई,

तू जिंकली. सही करते.

फॉर्म घेऊन आली आहे, टेबलावर आहे. दादाले तुझं तिकीट काढाले सांग. दवाखान्याचं काही विचारू नको. तुझ्या खोलीचा पंखा आवाज करते, तो दुरुस्त करून ठेवते.

नीतू


सेक्टर २
१६ फेब्रुवारी

आई,

परवा तू आपणहून फोन केला. दिवाळीपासून पहिल्यांदा. "मुगवड्याच्या डब्याले मुंग्या तर नाही लागल्या?" म्हणून विचारलं अन हसली. किती बरं वाटलं तुझं हसणं ऐकून. अन म्हणूनच जे सांगायचं होतं ते सांगता आलं नाही. फॉर्म अजून टेबलावरच आहे. मी सही केली नाही.

आधी एक कबूल करते. जानेवारीच्या चिठ्ठीत मी खोटं लिहिलं. कवडूकाकांनी माझ्यासमोर काही करून दाखवलं नव्हतं.

काका घरी जाणार त्या सकाळी दादाचा फोन आला, अर्धा तास भांडला. दादावर ढकलून नाही राहिली, फक्त माझं डोकं कुठं होतं ते सांगून राहिली. घरी सोडायच्या कागदावर एक ओळ असते, 'रुग्णाने स्वतः करून दाखवले.' पेशंटनं आपल्या डोळ्यासमोर चकती कापावी, चिकटवावी, मग तिथं खूण करायची. मी नुसतं तोंडी सांगितलं. अन तोंडी काय सांगितलं तेही ऐक. काका फिटर, मी प्लांटवाल्याची पोरगी, म्हटलं त्यायच्याच कामाचं उदाहरण देऊ. "काका, पाइपाच्या जोडाले गॅस्केट बसवता ना, तसं फिट बसवा. एक थेंब लीक नाही झाला पाहिजे." काका हसले. "अवं पोरी, हे तर मी छत्तीस वर्षं केलं." मी खूण केली अन मोकळी झाली.

आता तूच सांग, तू प्लांटच्या फिटर लोकायच्या शेजारात एकतीस वर्षं राहिली, फिटर माणूस गॅस्केट कसं बसवते? भोक अगदी मापाचं, केसाएवढी जागा सोडत नाही, अन चारी बाजूनं सोल्यूशन. काकांनी सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणलं अन पोटाले लावलं.

२ फेब्रुवारीले त्यायची बायको, रंभाकाकू, दवाखान्यात आली. "सिस्टर, हे जेवतच नाही. चहाच्या वर काही घेत नाही. म्हणतात, खाल्लं की पिशवी भरते, भरली की काढावी लागते." मी तशीच तिच्यासोबत कॅम्प-१ ले गेली. काका मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेले. बनियान वर केलं, पिशवी काढाले गेली. चकती निघेना. तेल लावून लावून, इंच इंच करून काढली, तर तिच्यासोबत कातडीही आली. आत सगळं लालबुंद, पाणी सुटलेलं. काका ओरडले नाही. फक्त विचारलं, "लीक तर नाही झालं ना, सिस्टर? तू सांगितलं तसंच केलं."

आई, त्या वेळी जमीन फाटून मी आत गेली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तुले लिहिलं की सही करते. तुझा विचार करून नाही लिहिलं. पळायचं होतं मले. ऑफिसात चूक झाली तर फाइल चुकीच्या टेबलावर जाईल, बस. कोणाची कातडी नाही निघणार.

मग आमच्या मेट्रन शीला मॅडमकडं गेली अन सगळं सांगितलं. मले वाटलं ओरडतील. त्यायनं रजिस्टर पुढं सरकवलं. "जे केलं ते लिही. सारवासारव करू नको." लिहिलं, खाली नाव घातलं. तुले माझी सही पाहिजे होती ना, पहिली सही ही झाली. मग म्हटलं, "मॅडम, मी नोकरी सोडते. प्लांटात मिळून राहिली." मॅडमनं चष्मा काढला, पुसला. "खुशाल जा. पण आधी ज्याची कातडी काढली त्याची भरून दे. तोवर मी तुझा राजीनामा हातात घेणार नाही."

तेव्हापासून रोज सकाळी सहाले कॅम्प-१, मग ड्यूटी. काका माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे. काकू चहा देते, पण कप जरा जोरातच ठेवते.

तुझं तिकीट काढलं असेल तर थांबव. मी सही करीन की नाही, मलेच माहीत नाही. रागाव, पण यावेळी खोटं लिहून नाही राहिली एवढं समज.

नीतू


सेक्टर २
९ मार्च

आई,

दादानं काल फोनवर जे जे म्हटलं ते तुझ्यासमोरच म्हटलं असेल, म्हणजे ते तुलेही माहीत आहे. "परक्या पुरुषायच्या पोटाले हात लावते, कोण करेल तुझ्याशी लग्न?" मी म्हटलं, ज्याले पोट आहे तो करेल. तर फोन आपटला. दोघं मायलेक एकाच शाळेत शिकले वाटते.

काकांची जखम भरली. सव्वीस दिवस लागले. रोज साध्या पाण्यानं धुवायचं, फुंकर नाही मारायची, वाळू द्यायचं, पावडर, मग चकती जरा सैल कापून. पंधरा दिवस माणूस मुका. मी काम करायची, ते छपराचे पत्रे मोजायचे. सोळाव्या की सतराव्या दिवशी एकदम माझ्या हातातून कैची घेतली.

"किती जागा सोडायची, नीट सांग. यावेळी गॅस्केट-बिस्केट नको सांगू."

"तांदळाचा दाणा मावला पाहिजे, काका. सगळीकडून."

"मग आधी तांदूळ कावून नाही म्हटलं?"

म्हटलं, "अक्कल नव्हती, काका." तर काकू आतून म्हणे, "दोघायलेही नव्हती." आई, त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कोणी हसलं.

त्यानंतर काका सुटलेच. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कंपासनं गोल काढून त्यायनं मापं कापली, लहान, मधलं, मोठं, प्रत्येकावर नंबर टाकला. ते माप पोटावर ठेवायचं, चारी बाजूनं तांदळाएवढी जागा दिसली की तेच चकतीवर गिरवायचं. मी चार वर्षं डोळ्यानं अंदाज घेऊन कापून राहिली होती, मले हे सुचलं नाही. आता काका वरणभात खातात. काकू तक्रार करते, "हा माणूस पुन्हा मिठावरून भांडाले लागला." तक्रार करताना तिचा चेहरा पाहाले पाहिजे होता तू.

मॅडमनं चादरी ठेवायच्या जुन्या खोलीत एक टेबल अन दोन खुर्च्या टाकून दिल्या. दर गुरुवारी पिशवीवाले पेशंट तिथं येणार, शिकवायची मी. पहिला गुरुवार ५ तारखेले झाला. सात जण आले. एक शाळामास्तर होता बालोदचा, त्यानं दोन महिने बायकोसमोरही शर्ट काढला नव्हता. कोपऱ्यात बसून राहिला. मी समजावून थकली. कवडूकाका मापं द्यायले म्हणून आले होते. ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले अन सरळ शर्ट वर केला.

"पाहा, गुरुजी. अन हा डाग दिसते ना? इथं मी पंक्चरचं सोल्यूशन लावलं होतं. छत्तीस वर्षं फिटर, अन असा मूर्खपणा."

माझं नाव नाही घेतलं. मीच म्हटलं, "गुरुजी, अर्धा मूर्खपणा माझा होता." अन सगळं सांगितलं, रजिस्टरसकट. मास्तर कधी माझ्याकडं पाहे, कधी काकांकडं. मग हळूच एक एक बटण काढाले लागला.

आई, त्या खोलीत मले जे वाटलं ते सांगायची माझ्याजवळ मराठी नाही अन हिंदीही नाही. एवढंच समज की मले हेच काम करायचं आहे. चूक झाल्यावरही हेच. आधी वाटायचं, मले हे जमते म्हणून आवडते. आता माहीत आहे, जमलं नाही त्या दिवशीही मले तिथंच परत जायचं होतं, ऑफिसात नाही.

सही करत नाही. आता डोकं ठिकाणावर ठेवून सांगून राहिली.

मुगवड्या मी खाल्ल्या. मुंग्या लागायच्या आधी.

नीतू


सेक्टर २
२० मार्च

आई,

आज सुट्टी घेऊन प्लांटच्या ऑफिसात गेली. मले वाटलं होतं नाही गेलं की झालं, आपोआप जागा जाईल. मग म्हटलं, असं चोरासारखं कावून? जे करायचं ते तोंडावर सांगून करू.

तिथले बाबू चांगले होते. बाबाले ओळखत होते, बसाले खुर्ची दिली. फॉर्म मागितला. मी म्हटलं, फॉर्म नाही, नकार द्यायचा आहे. तर चष्म्यावरून पाहाले लागले. "बिटिया, लोग इस नौकरी के लिए चक्कर काट-काट के चप्पल घिस देते हैं. तुम छोड़ रही हो?" मी म्हटलं, हो जी. संमतीचा छापील फॉर्म आहे, नकाराचा नाही. कोणी दिलाच नसेल तर छापतील कशाले? कोरा कागद दिला अन म्हणाले, राजीखुशी से लिखो, किसी का दबाव नहीं.

मी लिहिलं. माझ्या राजीखुशीनं, कोणाच्या दबावाशिवाय. दबाव तर उलट्या बाजूनं होता, पण ते लिहायची जागा नव्हती.

खाली कारण लिहायचं होतं. बाबूच सांगाले लागले, शादी लिख दो, या घरेलू कारण, सब यही लिखते हैं. मी लिहिलं, 'मैं नर्स हूँ.' त्यायनं वाचलं. "ये कोई कारण थोड़ी है, बिटिया." मी म्हटलं, हेच आहे, दुसरं नाही. मग शिक्का मारला.

आई, आता स्पष्ट लिहिते, म्हणजे दोष कोणाचा ते तुले शोधावं नाही लागणार. तुझं घर मी घालवलं. परिस्थितीनं नाही, नशिबानं नाही, दादाच्या डोळ्यानं नाही. मी. तू ज्या ओट्यावर एकतीस वर्षं भाकरी थापल्या तो ओटा माझ्या एका कागदानं गेला. मले हे माहीत असून मी केलं. रडू आलं, रिक्षात बसून रडली, पण परत फिरून कागद मागितला नाही.

कॅम्प-१ मध्ये एक खोली अन स्वयंपाकघर पाहिलं आहे, रंभाकाकूच्या गल्लीतच. दोघी मावतो. तू येशील तर खिडकीजवळची जागा तुझी. नाही येशील तर तेही तुझ्या मर्जीवर. पण लोकायले आता ऑफिस सांगू नको. पोरीनं घर घालवलं सांग, डोकं फिरलं सांग, अन कशासाठी फिरलं तेही सांग.

३० तारखेपासून सामान बांधीन. तुझ्या हातानं काही काढायचं असेल तर ये. मी वाट पाहीन.

नीतू


कॅम्प-१, भिलाई
१ एप्रिल

आई,

तू आली नाही. दोन दिवस प्रत्येक रिक्षाचा आवाज आला की मी दाराशी. दादाही आला नाही. कवडूकाकांनी हातगाडी आणली, कपाट त्यायले उचलू नाही दिलं, तर चिडले अन नुसते हुकूम सोडत बसले. तुझे देव मी फडक्यात बांधून स्वतः आणले. बाबाचा डबा, त्यायचे जोडे अन तुझी शिलाई मशीनही इथं आहे. पलंग दारातून निघेना, तो पाय काढून आणला.

काल दुपारी रिकाम्या घरात शेवटला झाडू मारून राहिली होती तर फोन वाजला. तुझा. मले वाटलं आता शिव्या. म्हटलं, देऊ दे, आज सगळ्या ऐकून घेऊ. तर तू विचारलं, "गॅसचं बटण बंद केलं?" मी म्हटलं, केलं. "मागची कडी?" केली. मी झाडू हातात धरून उभी. माझ्या मनात आलं, आता म्हणू, आई, माफ कर. तोंडापर्यंत आलं होतं. नाही म्हटलं. कारण ते खोटं झालं असतं, पुन्हा तोच कागद दिला तर मी पुन्हा तेच लिहीन. घरासाठी मले वाईट वाटते, तुझ्यासाठी तर त्याहून जास्त, पण केलं त्याचं नाही.

अन मग तू जे विचारलं, ते ऐकून मी भिंतीले टेकून खालीच बसली. तुले तिकडं समजलं नसेल. एकतीस वर्षं हा प्रश्न त्या घरात फक्त बाबाले विचारला गेला, रोज, जेवण वाढायच्या आधी. दादाले नाही, मले तर कधीच नाही. चार वर्षं मी कामावर जाऊन राहिली, तू विचारायची, "दवाखान्यात जाते का आज?" काल पहिल्यांदा म्हटलं,

"उद्या कोणती शिफ्ट आहे तुझी?"

सकाळची, आई. सातची.

नीतू